साहेब शिंप्याकडे राहायला गेले

४ फेब्रुवारी

प्रिय ठेंगू,

तुझ्या बाबांनी फोनवर सांगितलं, की तुला बढती मिळाली आणि नगरपालिकेच्या बालसंरक्षण विभागाची तू आता मुख्य झालीस. अभिनंदन. पण ही बातमी मला भावाच्या तोंडून कळावी, हे काही बरं झालं नाही. फोन करते म्हणू नकोस. फोनवर ऐकलेलं मला पुन्हा वाचता येत नाही. अख्खी नोकरी टपाल कचेरीत काढली, दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारून अंगठा वाकडा झाला. आता निवृत्तीनंतर माझ्या नावाचं काहीतरी दारात पडावं, एवढीच माफक अपेक्षा आहे. विजेचं बिल मी धरत नाही.

तर तू नेमकं काय करतेस ते सविस्तर लिही. तुझे बाबा म्हणाले, "पोरांसाठी घरं शोधते." मी विचारलं, कसली घरं, कोणाची पोरं? तर म्हणे, मला काय ठाऊक. माझा भाऊ पहिल्यापासून असाच. बातमी अर्धी आणतो आणि चहा मात्र पूर्ण पितो.

इकडे सगळं ठीक. साहेबांचं वय झालंय, भुंकायचं असलं तरी सोफ्यावरून उतरत नाहीत. कुत्र्याचं नाव साहेब ठेवू नकोस, डोक्यावर बसेल, असं तू म्हणाली होतीस. डोक्याऐवजी सोफ्यावर बसला एवढंच. शेजारची शिंपीणबाई दिवसातून पाच वेळा मागच्या दाराने आत येते आणि सहाव्यांदा विचारते, "मघाशी मी कशाला आले होते हो?" तेवढीच वर्दळ. बाकी घर मोठं आणि आवाज माझ्या एकटीचा.

दोन बस बदलून येणं तुला जमत नाही हे कळतं. टपालाला बस बदलावी लागत नाही.

तुझी,
आत्या


१९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

हे घे, तुझ्या नावाचं. शिक्का नीट बसलाय का बघ, नाहीतर आधी त्याचीच तक्रार येईल.

कामाचं सांगते. एखादं मूल स्वतःच्याच घरात सुरक्षित नसेल, तर आमची माणसं त्याला तिथून आणतात. मग ठेवायचं कुठे? आजवर उत्तर एकच: नगरपालिकेचं बालगृह. तिथे लहानग्यांची एक इमारत, तिच्या अंगणापलीकडे मुलींची, आणि पाच वर्षांवरच्या मुलग्यांची पार गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथली माणसं चांगली आहेत, पण एका बाईच्या वाट्याला चौदा पोरं आली की चांगुलपणा तरी किती पुरणार? म्हणून मला 'पालक-घर' योजना उभी करायची आहे. म्हणजे साध्यासुध्या माणसांनी आपल्या घरात अशा मुलाला काही महिने, काही वर्षं सांभाळायचं. योजना कागदावर जुनीच आहे. कागदावरून तिला खाली उतरवायचं काम माझ्याकडे आलंय.

आमच्या सभापतींच्या मते सुधारणा म्हणजे रंग. त्यांनी बालगृहाच्या बोळात भिंतभर सिंह काढून घेतला. रंगाऱ्याने हौसेने इतके दात काढले, की लहान मुलं त्या बोळातून न्हाणीघरात जाईनात. परवा त्याला पुन्हा बोलावून सिंहाचं तोंड मिटवून घेतलं. आता तो सिंह दातदुखी झाल्यासारखा दिसतो, पण वाहतूक सुरू झाली.

तिथे दोन भावंडं आहेत. बहीण नऊ वर्षांची, तिला सगळे ताईच म्हणतात, अधीक्षकबाईसुद्धा. भाऊ साडेचार वर्षांचा. लोकरीची टोपी डोक्यावरून काढत नाही म्हणून टोप्या. त्यांच्या घरी जे चालायचं ते मी तुला लिहीत नाही, ताईच्या कपाळावर खूण आहे तेवढं पुरे. रोज संध्याकाळी ती अंगण ओलांडून लहानग्यांच्या इमारतीत येते, टोप्याला भरवते, त्याच्या बुटांच्या नाड्या सोडते, तो झोपला की परत जाते आणि मग स्वतः जेवते. तिला खेळताना अजून कोणी पाहिलेलं नाही. जूनच्या शेवटी टोप्या पाच वर्षांचा होतो. मग नियमाप्रमाणे गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्याआधी दोघांना एक घर मिळालं पाहिजे. माझी झोप सध्या या एकाच गोष्टीने उडालीय.

आणि घरं बघायला जावं तर काय सांगू! माझ्याबरोबर एक नवा सहकारी असतो. खिशात कायम मोजपट्टी, खिडकीच्या गजांमधलं अंतर मोजतो, म्हणून त्याचं नाव फूटपट्टी. एका घरात औषधाच्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर बिस्किटांशेजारी उघडी. दुसऱ्या घरात कुत्रा पलंगावर आणि मालक जमिनीवर. तिसऱ्या घरी शेजारपाजारचे चौघं दार न वाजवता आत आले, एकाने तर माझाच चहा उचलला. रेडिओ एवढा मोठ्याने, की प्रश्न ओरडून विचारावे लागले. डोकं उठलं माझं.

तुझी,
ठेंगू


८ मार्च

प्रिय ठेंगू,

पत्र तीनदा वाचलं. सिंहाला एकदा हसले. त्या मुलीसाठी दोनदा डोळे पुसले, तिसऱ्यांदा पुसायला रुमाल कोरडा राहिला नव्हता.

एक विचारायचं होतं. माझी एक मैत्रीण आहे, टपाल खात्यातलीच. तिच्या कानावर तुझी योजना घातली, तर म्हणाली, बाई एकटी असेल, साठी ओलांडलेली असेल, निवृत्तिवेतनावर राहत असेल, तर चालतं का? मी म्हटलं विचारून सांगते. तब्येत ठणठणीत आहे हो तिची. गुडघे जरा बोलतात, पण ते बोलके असले तरी भांडखोर नाहीत. आणि अजून तुम्ही घरात काय काय बघता तेही लिही. मैत्रीण फार चौकस आहे.

मी सध्या सुताराला बोलावलंय. टेबलांचे, कपाटांचे कोपरे गुडघ्यांना लागतात, म्हणून त्यांवर रबर बसवून घेतेय. गोळ्या वरच्या फळीवर, कुलपात. म्हातारपणी शिस्त असलेली बरी.

तुझी,
आत्या


२७ मार्च

प्रिय आत्या,

तुझ्या मैत्रिणीला म्हणावं, खुशाल अर्ज कर. एकटी चालते, साठी चालते, बोलके गुडघेही चालतात. फक्त माझ्या ओळखीचा उपयोग होणार नाही, हेही सांग. वशिल्याने काम झालं असं कोणी म्हणू नये म्हणून मी नियमच केलाय: समितीसमोर अर्जदाराचं नाव-गाव येतच नाही, नुसता क्रमांक येतो. घर बघायलाही आता मी जात नाही, बघून आलेला माणूस काय दिसलं ते सांगतो आणि आम्ही ठरवतो. सभापतींच्या मेव्हण्याचाही अर्ज सहा नंबरलाच राहिला.

घरात काय बघता म्हणतेस? अगं, काय काय बघावं लागतं म्हण! एका घरात स्वयंपाकघरातल्या सुऱ्या मुलाच्या नाकाच्या उंचीवर टांगलेल्या. एकीकडे माळ्यावर जायला शिडी, तिला कठडा नाही. एका बाईंच्या घरात खण उघडावा त्यातून बटणं, दोरे, चाव्या, फुटके कप असं काहीतरी बाहेर पडायचं. घर आहे की भंगाराचं दुकान कळेना. वर बाई इतक्या बडबड्या, की दोन तासांत आम्हाला सहा प्रश्न विचारता आले. नाकी नऊ आले.

दोन भावंडांचं मात्र जमत नाही. एका जोडप्याला ताई हवी होती, मोठी आहे, हाताशी येईल म्हणून. एकांना टोप्या हवा होता, लहान आहे, लळा लागेल म्हणून. दोघं मिळून कोणालाच नकोत. मी काही बोलले नव्हते, पण पोरांच्या कानांना काय, सगळं पोचतं. परवा ताईने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "मी कमी जेवले तर चालेल का? मग आम्ही दोघं दीडच होऊ."

पोटभर जेव म्हटलं तिला, आत्या. मग कचेरीत येऊन दार लावून बसले.

तुझी,
ठेंगू


१५ एप्रिल

प्रिय ठेंगू,

पत्र पोचलं. दीडच होऊ म्हणाली. माझ्या हातून त्या दिवशी दूध उतू गेलं.

मैत्रिणीने अर्ज दिला. सध्या ती तयारीत आहे आणि तुझ्या खात्याची तिला भीती वाटते, एवढंच सांगते.

मीही घराची साफसफाई काढलीय. माळ्याची शिडी रद्दीवाल्याला दिली. खण रिकामे केले. सुऱ्या अशा जागी ठेवल्यात की मलाच सापडत नाहीत, दोन दिवस पाव हाताने तोडतेय. साहेबांना शिंप्याकडे राहायला पाठवलंय. जाताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच त्यांची बदली केली. शिंपीणबाईंना सांगितलं, यापुढे पुढच्या दाराने या आणि घंटी वाजवून या. त्या रुसल्यात. रेडिओवर कापड घातलंय. घर इतकं शांत झालंय, की नळ ठिबकला तर पाहुणा आल्यासारखं वाटतं.

तू आपली काळजी घे, डब्यात नुसती बिस्किटं नेऊ नकोस.

तुझी,
आत्या


९ मे

प्रिय आत्या,

आज तुला हसवायचं ठरवलंय, कारण मला स्वतःला हसायची गरज आहे.

काल समितीत अर्ज क्रमांक सतरा आला. फूटपट्टी घर बघून आला होता. एरवी हा माणूस आकड्यांशिवाय बोलत नाही, काल मात्र त्याने गोष्ट सांगितली. म्हणाला, अशी सुरक्षित जागा मी जन्मात पाहिली नाही. प्रत्येक कोपऱ्याला रबर. फ्रीजला कुलूप. गॅसला कुलूप. खणांत काही नाही, भिंतीवर काही नाही, जमिनीवर काही नाही. पुढच्या दाराची कडी वाजली, कोणी बाई डोकावल्या, तर मालकीणबाई म्हणाल्या, "नंतर या." स्वतः खुर्चीच्या काठावर हात जुळवून बसलेल्या, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसावं तशा. प्रश्नाला उत्तर एका शब्दात. शेवटी याने विचारलं, मुलं खेळतील कुठे? त्यावर त्या म्हणाल्या, "खेळणार नाहीत. सुरक्षित राहतील."

अधीक्षकबाईंनी हसून पदर तोंडाला लावला. सभापती म्हणाले, आमच्या बँकेची तिजोरी यापेक्षा मोकळी आहे. मीही हसले आणि नकाराला हात वर केला. सगळ्यांचा नकार. अति तिथे माती म्हणतात ती अशी.

हसणं ओसरल्यावर मात्र वाईट वाटलं. दोन्ही मुलं एकदम घेईन असं लिहिलेला तो एकच अर्ज होता. आता जूनचा शेवट जवळ आला आणि माझ्या हातात काहीच नाही.

तुझ्या मैत्रिणीचं काय झालं? तिच्याकडे कोणी आलं होतं का?

तुझी,
ठेंगू


१३ मे

बालसंरक्षण विभागाच्या मुख्य यांना,

मैत्रिणीकडे आले होते. मोजपट्टी घेऊन आले होते. पाणी दिलं तर भांड्याची उंची मोजतील की काय, असं मैत्रिणीला वाटलं.

ठेंगू, मैत्रीण वगैरे कोणी नाही. मी सतरा नंबर.

तुला सांगितलं नाही, कारण वशिल्याची आत्या म्हणवून घ्यायचं नव्हतं. माझं घर माझ्या गुणांवर पास व्हावं, एवढी मला खुमखुमी होती. आणि मी काही अभ्यासाशिवाय परीक्षेला बसले नाही. तुझी पत्रं उशाशी ठेवून अभ्यास केला. गोळ्या उघड्या नकोत, कुलूप लावलं. कुत्रा नको, साहेबांना घालवलं. शेजारीण दार न वाजवता यायला नको, शिंपीणबाईंना दुखावलं. माझ्या आजारपणात तिनेच मला भरवलं होतं, हे तुला माहीत आहे. रेडिओ नको, बंद केला. शिडी नको, सुऱ्या नकोत, खणांत भंगार नको, बडबड नको. बडबड नको म्हणजे काय हे तुला कळायचं नाही. मी त्या माणसासमोर पाऊण तास गप्प बसले. घशाला कोरड पडली माझ्या.

तुमच्या खात्याला काय नको, ते मला तोंडपाठ आहे. काय हवं, ते तुझ्या एकाही पत्रात लिहिलेलं नाही. मी ते कुठून आणायचं होतं?

तू हसलीस, याचं मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, मी रडले. मला ती दोन पोरं हवी होती. दीड नव्हे, दोन.

अर्ज क्रमांक सतरा


१८ मे

आत्या, माझी आत्या,

पत्र कचेरीत उघडलं आणि उभ्यानेच दोनदा वाचलं. तुझं घर मला ओळखू आलं नाही, याहून मोठी शिक्षा काय देशील? रबर, शिडी, साहेबांची बदली, सगळं तू मला लिहिलं होतंस, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. कारण ते घर तुझं असूच शकत नव्हतं. तुझ्या घरात जमीन दिसत नाही, आवाज थांबत नाही आणि साहेब सोफ्यावरून हलत नाहीत.

आता नीट ऐक. बिस्किटांशेजारी गोळ्या होत्या ना, त्या घराला आम्ही होकार दिला. गोळ्या वर ठेवा म्हटलं, त्यांनी ठेवल्या, संपलं. कुत्रा पलंगावर होता त्या घरालाही होकार. शेजारी आत घुसत होते त्या घरी तर सर्वांत आधी मूल पाठवलं, कारण ज्या घरात चार माणसं न विचारता येतात तिथे मुलावर चार जणांचं लक्ष असतं. भंगाराच्या दुकानवाल्या बडबड्या बाईंकडे गेलेली मुलगी आता वर्गात हात वर करून उत्तरं देते. हे मी तुला लिहिलंच नाही. दिवसभराच्या कटकटी तेवढ्या तुझ्या पदरात टाकल्या आणि चांगलं माझ्यापाशीच ठेवलं.

लहानपणी मी तुझ्या माळ्यावरून पडले, हात मोडला, प्लास्टर घालून घरी गेले आणि पुढच्या सुट्टीत पुन्हा तुझ्याचकडे हट्टाने आले. का आले, हे आमच्या समितीत कधी कोणी विचारलं नाही.

तू लिहिलंस ते मी काल समितीत वाचून दाखवलं, नाव न सांगता: काय नको ते पाठ आहे, काय हवं ते कुठून आणायचं होतं. कोणी हसलं नाही. मग मी सांगितलं, की सतरा नंबर माझी सख्खी आत्या आहे, म्हणून या अर्जावर मी यापुढे हात वर करणार नाही, की तोंड उघडणार नाही. आणि बाहेर जाऊन उभी राहिले. आत काय बोलणं झालं ते दाराला कान लावूनही ऐकू आलं नाही.

इतकं मात्र सर्वांसाठी ठरलंय. यापुढे अर्ज करणाऱ्यांना आम्ही आधी चहाला बोलावणार आणि मुलांना काय लागतं ते सांगणार. घराला एकदाच नव्हे, दोनदा भेट. दुसरी न कळवता आणि मुलांना घेऊन. आजवर नाकारलेल्या सगळ्या घरांनाही पुन्हा भेट मिळेल. तुझ्याकडे कोण येईल, कधी येईल, मला माहीत नाही. माहीत असतं तरी लिहिलं नसतं. तू फक्त एक कर. माझ्यासाठी नको, स्वतःसाठी कर. साहेबांना घरी आण.

तुझी ठेंगू, आज नावाप्रमाणेच ठेंगणी


२ जून

प्रिय ठेंगू,

राग होता. तीन दिवस पुरला, मग संपला. माझ्याकडे कुठलीच गोष्ट साठत नाही, भंगार सोडून.

साहेबांना आणायला गेले तर ते शिंप्याच्या कपड्यांच्या ढिगावर झोपले होते आणि ओळख दाखवेनात. शिंपीणबाईंपुढे कान धरले. ती म्हणाली, "अहो, मी रुसले नव्हते, घंटी कुठे आहे तेच सापडत नव्हतं." मग दोघी खूप हसलो. गॅसचं बटण आणि गोळ्या मात्र कुलपातच ठेवल्या. तुझ्या फूटपट्टीचं सगळंच चुकीचं नसतं.

परवा दुपारी मी लोकर गुंडाळत बसले होते, केस विस्कटलेले, रेडिओ चालू. मागच्या दाराने शिंपीणबाई आली, तिच्यामागून मोजपट्टीवाला, त्याच्यामागून तुझ्या अधीक्षकबाई आणि शेवटी ती दोघं. पुढच्या दाराशी कोणी ओ देईना म्हणून शिंपीणबाईनेच त्यांना फिरवून आणलं होतं. मी उठायच्या आत टोप्या साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. साहेबांनी एक डोळा उघडला, त्याची टोपी अलगद दातात धरली आणि आपल्या पोटाखाली घालून पुन्हा झोपले. मला वाटलं, आता पोरगं भोकाड पसरतंय, संपलं सगळं. टोप्याने बराच वेळ विचार केला. मग साहेबांच्या पोटाला टेकून बसला आणि म्हणाला, "त्याला थंडी वाजतेय."

ताई मात्र बसली नाही. तिने घर बघितलं. तुझ्या खात्यात अशी माणसं नेमा, मोजपट्टी लागणार नाही. खण उघडले, पलंग दाबून पाहिले, न्हाणीघराची कडी वरखाली केली. मग माझ्यासमोर येऊन म्हणाली, "तुम्ही रागावलात की काय करता?"

मी खरं ते सांगितलं. मी म्हटलं, मी पत्र लिहिते. फार रागावले तर खाली नाव लिहीत नाही.

ती म्हणाली, "मारत नाही?"

मी म्हटलं, नाही. बोलते खूप. कान किटतील तुझे.

तिने मान हलवली. पास का नापास, कळलं नाही. मग तिने टोप्याला अंडं भरवलं, त्याचं तोंड पुसलं आणि त्याचं झाल्यावर माझ्याकडे न बघता स्वतःचं ताट ओढलं. मोजपट्टीवाल्याने मोजपट्टी बाहेर काढली, ती टोप्याने खेळायला मागितली आणि त्याने दिली.

जाताना टोपी साहेबांकडेच राहिली. टोप्या म्हणाला, नंतर नेईन. त्या 'नंतर'वर मी आता दिवस काढतेय.

तुझी,
आत्या


९ जून

प्रिय आत्या,

आज समितीची बैठक बालगृहातच झाली. सतरा नंबर आला तेव्हा मी नियमाप्रमाणे बाहेर बोळात जाऊन दातदुखीच्या सिंहापाशी उभी राहिले. थोड्या वेळाने दार उघडलं आणि फूटपट्टी बाहेर आला. एवढा गंभीर, की मी नकारच धरून चालले. म्हणाला, घरात धूळ आहे, आवाज आहे, कुत्रा चोर आहे. मग म्हणाला, एकमताने होकार.

मी त्याला मिठी मारणार होते, पण तो भिंतीला चिकटून उभा होता, म्हणून सिंहाच्या नाकावर थाप मारली.

अधीक्षकबाईंनी ताईला सांगितलं. तिने एकच विचारलं म्हणे: "दोघंही?" त्या म्हणाल्या, दोघंही, पूर्ण. मग तिने दोघांचे कपडे पिशवीत भरून ठेवले. अजून आठवडा आहे म्हटलं तरी ऐकेना, पिशवी उशाला घेऊन झोपते.

दर महिन्याला तुमच्याकडे अधीक्षकबाई येतील, मी नाही. मी येईन ती आत्याकडे, सुट्टी घेऊन, मागच्या दाराने. शिडी परत आण. कठडा लावून.

तुझी,
ठेंगू


२० जुलै

प्रिय ठेंगू,

उशीर झाला, पण आता माझ्याकडे वेळ नसतो, हे सांगताना मला किती बरं वाटतंय ते तुला दिसायला हवं होतं. टोप्याचा पाचवा वाढदिवस झाला. गावाच्या दुसऱ्या टोकाला कोणी गेलं नाही. टोपी अजून साहेबांकडे आहे. मागितली तर गुरगुरतात, म्हणून टोप्याने ती त्यांना देऊन टाकली.

सगळंच गोड नाही हो. पहिले पंधरा दिवस ताईने पिशवी सोडली नाही. माझा हात पट्‌कन वर गेला, अगदी फळीवरचा डबा काढायला, तरी ती टोप्याच्या पुढे येऊन उभी राहायची. मी आता हात हळू वर करते आणि आधी सांगते, डबा काढतेय गं. टोप्याला मी भरवायला गेले तर चमचा माझ्या हातातून घ्यायची. मी देत गेले. अधीक्षकबाई म्हणाल्या होत्या, घाई करू नका, तिचं ते काम आहे, तुम्ही काढून घेऊ नका. बरं केलं सांगितलं. यावेळी काय करायचं ते तरी तुमच्या खात्याने आधी लिहून कळवलं.

आज पत्र लिहायला बसले त्याला कारण आहे. शिंपीणबाईंची नात राहायला आलीय, ताईएवढीच. दुपारी दोघी चिंध्या घेऊन अंगणात बसल्या. मग धावायला लागल्या. मग कुठे तरी गेल्या, नुसता ओरडा ऐकू येत होता. जेवायची वेळ झाली, ताई आली नाही. टोप्याने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. मी भरवलं. बुटांच्या नाड्या पुढे केल्या, त्याही सोडल्या.

दिवेलागणीला ती आली. केस सुटलेले, गुडघा खरचटलेला, घामाने चिंब. पाण्याचं भांडं तोंडाला लावलं, अर्धं प्यायली आणि एकदम थांबली. म्हणाली, "टोप्या."

मी म्हटलं, जेवलाय. साहेबांपाशी झोपलाय.

ती आत जाऊन बघून आली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं रडेल. मग म्हणाली, "मी विसरले त्याला."

मी म्हटलं, हो. पूर्ण विसरलीस.

उरलेलं पाणी ती प्यायली आणि तिने विचारलं, "उद्या पण जाऊ का खेळायला?"

गुडघ्याला औषध लावलं, तेव्हा मात्र अंगण डोक्यावर घेतलं. शिंपीणबाई मागच्या दाराने बघायला आली, आली ती जेवूनच गेली. आता तिघंही झोपलीत, साहेब धरून. पिशवी खुंटीला टांगलीय, रिकामी. रविवारी ये. पाव हाताने तोडावा लागेल, सुऱ्या अजून सापडल्या नाहीत.

तुझी,
आत्या